बाईची सोबत

मांडणीवरून एक वाटी घरंगळली आणि दुपारची सामसूम मोडली. चेलना दचकली. झोपाळ्यावर निजलेली तिची आई हीराबाई, मुलांची 'बाई', मात्र हलली नाही. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून हिरवट उजेड झिरपत होता. सगळं दोंडाईचा आईच्या श्वासाबरोबर हलकेच झुलतंय, असं चेलनाला वाटलं.

किती निरोगी दिसते ही. आणि आत गुदाशयाचा कर्करोग. तोही लाखात एखाद्यालाच होणारा, झपाट्यानं पसरणारा.

खरं तर शौचातून रक्त पडत होतं चेलनाला. जळगावला, सासरी, असलं बोलायचं कुणाशी? माहेरी आल्यावर तिनं आईच्या कानात सांगितलं. पण धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासायचं म्हणताच ती लाजेनं दाराकडेच निघाली.

"आधी मला तपासा, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली. "मलाही त्रास आहेच. मग तर झोपशील ना टेबलावर, महाराणी?"

दोघींच्याही आतला बारीकसा तुकडा तपासायला गेला. रिपोर्ट आणायला मोठा भाऊ रोनक एकटाच गेला. आल्यावर त्यानं चेलनाला गच्चीवर नेलं.

"तुझी साधी मूळव्याध आहे. बाईचं मात्र..." तो पतंगांकडे बघत राहिला. "तिला कळू द्यायचं नाही. मुंबईला नेऊ. आधी किमो, मग किरणं. गाठ आकसली तर ऑपरेशन. तू सोबत हवीस."

तेव्हापासून चेलना हसतमुख राहत होती. आईच्या केसांना तेल लावत होती. दिवस मावळायच्या आत जेवायला बसलं, की आई तिच्याच खिचडीवर तूप ओतत राही.

"बाई, तू घे ना."

"मला काय धाड भरलीय? तू खा. किती वाळलीस."

चेलना तोंड फिरवून डोळे पुसायची. आई बरी होऊन आलीय, अंगणात खाटेवर नातीला, विधीला, कुशीत घेऊन चांदण्या दाखवतेय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे सारखं तरंगायचं.

आताही तरंगत होतं. तेवढ्यात विधी, तिची पाच वर्षांची लेक, मांडीवर येऊन बसली आणि कानाशी लागली.

"मम्मी, नानी मामाला म्हणाली, मुंबईला जाईपर्यंत हसू दे तिला. मग डॉक्टरच सांगतील."

"कुणाला गं?"

"तुला. काय सांगणारेत, मम्मी?"