रिकामा चौथरा

दिल्लीतल्या मराठी मंडळाचा शिवजयंतीचा कार्यक्रम आटोपला, तसा सुधन्वा लेकीला जिरेटोप-अंगरख्यासकट बुराडीजवळच्या बागेत घेऊन आला. शहरातून उचलून आणलेला इंग्रज राजाचा संगमरवरी पुतळा तिथे उंचावर उभा आहे, खांद्यांवर कबुतरं वागवत. समोर एक चौथरा नुसताच रिकामा.

"बाबा, मला त्याच्यावर उभं कर ना! आपले महाराज याच्याहून भारी!"

सुधन्वाची छाती फुगली. त्याने तनयाला अलगद वर ठेवलं.

"अगदी पुतळ्यासारखी राहा हं. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

मनासारखे फोटो निघाले.

"चलो, झालं. ये खाली."

तनया हलली नाही.

"पुरे यार, तनू. आई वाट बघतेय."

एक कबूतर येऊन तिच्या जिरेटोपावर बसलं. तिची पापणीही लवली नाही. सुधन्वाने धावत जाऊन तिला कवेत घेतलं आणि सगळा जोर लावला. मघाशी फुलासारखी उचललेली पोर जागची हलेना. अंगरख्याआतून दगडाचा गारठा त्याच्या हातांना लागला.

पाठीमागे राजाच्या खांद्यांवरची सगळी कबुतरं एकदम फडफडत उडाली.

आणि तिथूनच, उंचावरच्या राजाच्या दगडी ओठांतून, तनयाचा रडवेला आवाज आला.

"बाबा, आता हलू?"