तेरा किलो जास्त

हँगरमध्ये बाथरूमचा वजनकाटा ठेवून ह्यांनी आधी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यावर उभं केलं. एक्याऐंशी. मग स्वतः चढले. एकशे बारा.

बाहेर मेलबर्नजवळच्या त्या गवताळ धावपट्टीवर ह्यांचं दोन सीटचं विमान नाकावर कुंकवाचं स्वस्तिक घेऊन उभं होतं. बाबांना त्यातून समुद्र दाखवणार, हे अख्ख्या कराडला महिनाभर आधीच कळवून झालं होतं. पण पेट्रोल भरल्यावर त्यात दोन माणसं मिळून एकशे ऐंशी किलोच चालतात. तेरा किलो जास्त होत होते.

ह्यांनी बूट, जाकीट, घड्याळ काढलं. बाबांचा स्वेटर उतरवला, त्यांच्या हातातला लाडवांचा डबा बाकावर ठेवला. बाबांनी मुकाट्याने कवळी काढून खिशात टाकली.

"अजून अकरा," मी काटा वाचून सांगितलं.

परवाना माझ्याकडेही होता, ह्यांच्या आधी सहा महिने मिळालेला. महाराष्ट्र मंडळात ते बोलायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं होतं. माझं वजन पन्नास. मी किल्ली घेतली.

समुद्र बघून आम्ही उतरलो, तेव्हा हे कुंपणाशी उभे होते. हातातला डबा रिकामा होता.

"बाबा, मीच तुम्हाला फिरवून आणलं असं ग्रुपवर टाकलंय. कोणी विचारलं तर तसंच सांगा."

बाबांनी खिशातून कवळी काढून नीट बसवली.

"सांगतो की. सायकलपण तुझ्यासाठीच आणली होती. चालवली ताईनं. फोटो तेव्हाही तुझाच काढला होता."