लिंबोणीच्या बुडाशी

गच्चीवर लिंबोणी लावायची म्हणून रामलिंग सरांनी भला मोठा ड्रम आणला. गवंड्यानं बजावलं, “सर, नुस्ती माती भरताल तर स्लॅब खचंल. खालचा अर्धा ड्रम हलक्या मालानं भरा. पोकळ पाहिजे अन् कुजाया नाही पाहिजे.”

सर घरभर असला माल हुडकत फिरले. सुकन्याबाईंनी फक्त नवऱ्याच्या काचेच्या कपाटाकडं बघितलं. चाकूरपासून धर्माबादपर्यंतच्या सत्कारांत मिळालेली एकेचाळीस सन्मानचिन्हं तिथं ओळीनं उभी होती.

“अगं, मान हाय तो माझा!”

“हाव की. पण एकदा उचलून तर बघा.”

सरांनी उचललं. जोरात शिंक आली असती तरी उडालं असतं. मग सगळा मान ड्रमात गेला आणि वर माती पडली.

तिसऱ्या वर्षी लिंबोणी अशी लगडली की गल्लीतल्या मंडळानं ‘आदर्श बागप्रेमी’ म्हणून सरांचा सत्कार ठेवला. शाल झाली, नारळ झाला, सन्मानचिन्ह हातात आलं. टाळ्या चालू असतानाच सरांनी ते कानाशी नेऊन बोटानं वाजवून बघितलं.

पोकळच होतं. कढीपत्त्याच्या कुंडीची सोय झाली.