एका नावाची चार सिमकार्डं

आमच्या घरातली चारही सिमकार्डं माझ्याच आधार कार्डावर घेतलेली आहेत. म्हणून कंपन्या फोन करणाऱ्याचं नोंदणीतलं नाव दाखवू लागल्यापासून, बायकोचा फोन आला तरी स्क्रीनवर 'हिरालाल रामटेके' असं माझंच नाव येतं.

या सोयीनं नकोसे फोन थांबतील, असं आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातला मोबाइलवाला म्हणाला होता. कुठले थांबतात! कर्जवाल्यांना, विमेवाल्यांना दिवसभर "नको भैया, नको" म्हणून माझा जीव मेटाकुटीला आला.

रविवारी दुपारी आम्ही चौघं जेवत होतो. चारही फोन टेबलावर होते. त्यातला माझा वाजला. स्क्रीनवर माझंच नाव होतं.

"पापा, हम सब तो यहीं हैं," पिंकी म्हणाली.

मी फोन उचलला.

"नको भैया, नको," पलीकडून माझाच थकलेला आवाज आला. "काहून दिवसभर फोन करून राहिले मले?"

त्याच्या मागून माझी बायको माया बोलली, "ठेवा न जी फोन, भाजी थंडी होऊन राहिली."

मी समोर पाहिलं. मायाच्या तोंडात घास होता.

तिनं तो सावकाश गिळला आणि म्हणाली, "ठेवा न जी फोन, भाजी थंडी होऊन राहिली."