कच्ची वही

"वही इथंच बसून बघायची. फोटो काढायचा नाही," शिवणयंत्रावरचा पाय न थांबवता ती म्हणाली.

समोर बसलेल्या ग्रंथपाल बाईंनी निमूट मान डोलावली. ऑनलाइन विश्वकोशातल्या आदिवासी लेखकांच्या लेखांना भरवशाचे संदर्भ जोडायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. हिच्या आईवरचा लेख जेमतेम चार ओळींचा. आठवड्यात संदर्भ मिळाला नाही, तर तोही उडणार होता.

"यातून तुम्हाला काय मिळतं?"

"काही नाही, ताई."

तिनं दोरा दातानं तोडला. काही नको म्हणणारी माणसंच जास्त घेऊन जातात, हे तिला पुरतं ठाऊक होतं. वीस वर्षांपूर्वी एक प्राध्यापक असेच आले होते. पाणीसुद्धा नको म्हणाले. जाताना आईच्या कथांची पक्की वही वाचायला म्हणून घेऊन गेले, ती अजून वाचतातच आहेत. घरात उरली ती कच्ची.

"पण खरं सांगू का, हाताच्या वह्या चालत नाहीत," बाई चाचरत म्हणाल्या. "छापलेलंच लागतं. आणि ते मिळालंय मला." मोठ्या कौतुकानं त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "बघा, प्रस्तावनेत तुमच्या आईंचं नाव आहे."

मुखपृष्ठावर नाव त्याच प्राध्यापकांचं होतं. प्रस्तावनेत आईच्या नावाआधी लिहिलं होतं: 'निरक्षर असूनही कथांचं भांडार असलेल्या'.

यंत्र थांबलं.

"कुठलंही पान काढा," ती म्हणाली. "एक ओळ वाचा."

बाईंनी वाचली. तिनं कापडाच्या गठ्ठ्याखालून कच्ची वही ओढली, पान शोधलं आणि पुढची ओळ वाचली. मग त्याच्या पुढची. बाईंचं बोट छापील अक्षरांवरून बरोबर सरकत होतं. एका जागी अडलं.

"हे वाक्य पुस्तकात नाही."

"नसणारच. आईनं खोडलंय." वही हातातून न सोडता तिनं पान त्यांच्याकडे वळवलं. काट मारलेल्या वाक्याच्या डोक्यावर वेगळ्या शाईत दुसरं लिहिलं होतं. पुस्तकात तेच होतं, शब्दाला शब्द.

बाईंनी दोन्ही ओळी पुन्हा ताडून पाहिल्या. मग लॅपटॉप उघडून सकाळीच जोडलेला या पुस्तकाचा संदर्भ त्यांनी काढून टाकला.

"म्हणजे लेख जाणार?"

"जाईल कदाचित. पण हा संदर्भ ठेवला, तर तुमची आई निरक्षर ठरेल. पुराव्यासकट."

बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "ही वहीच छापली तर? जशी आहे तशी, खाडाखोडीसकट. मग तोच संदर्भ होईल. द्याल?"

तिनं वही मिटली आणि मांडीवर दाबून धरली.

"आधी मुखपृष्ठ छापून आणा," ती म्हणाली. "त्यावरचं नाव वाचते. मग बघू."