जवळचा आवाज

बोलकी पुस्तकं वाचणारा तिचा नवरा वारला, तेव्हा ती त्याच्या आवाजाची आठवण मागायला स्टुडिओत आली. रेकॉर्डिस्टने एका पुस्तकातलं प्रकरण लावलं. ती बुचकळ्यातच पडली.

“हे ते नव्हेत.”

“तेच आहेत, वहिनी. माइकला अगदी ओठ भिडवून वाचायचे. इतक्या जवळून आवाजाला खर्ज चढतो.”

तिला काही केल्या पटेना. मग त्याने खोलीच्या मधोमध टांगलेल्या, चौफेर आवाज टिपणाऱ्या माइकवरचा तुकडा लावला. पार दारापाशी उभा राहून कुणीतरी पातळ, कोरड्या आवाजात विचारत होता, “झालं का तुमचं?”

“हो, हेच ते,” ती पटकन म्हणाली. घरात त्यांचा आवाज नेहमी पलीकडच्या खोलीतून असाच यायचा.

ती जायला उठली, आणि परत खाली बसली.

“भाऊ, तो पहिला पुन्हा लावा. ते जवळून कसे बोलायचे, ऐकू दे मला.”