मुकी बटणं

लेकीनं ऑफिस सांभाळून आठवडाभर शोधलं आणि माझ्या फोनमध्ये औषधं मागवायचं नवं अ‍ॅप टाकलं. मला दिसत नाही. बोटाखाली येईल ते फोन वाचून दाखवतो. "आई, यातलं प्रत्येक बटण बोलतं. जुन्यातली मुकीच होती, म्हणून ते काढून टाकलं." खरंय. म्हणूनच ह्यांनी जाण्याआधी एकेका बटणाला नाव टाइप करून दिलं होतं. ती नावं पडद्यावर दिसत नसत, मलाच ऐकू येत. मागे जायच्या बटणाला 'फिरा माघारी, राणीसरकार'. शेवटच्याला 'झालं गं, आता पड जरा'. तेवढं ऐकायला मी गरज नसताना मलमं मागवायचे, कपाट भरलंय. "दाबून बघ ना." सवयीनं खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. "ऑर्डर निश्चित करा," फोन म्हणाला. "किती स्पष्ट, नाही?" लेकीनं जांभई दिली. "झालं गं," मी म्हटलं, "आता पड जरा."